डूला म्हणजे कोण, आणि मुंबईत ठेवायची तर सुरुवात कुठून करायची

डूला म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोक्यात काहीही येतं. सासूबाईंना वाटतं सुईण, शेजारच्या काकूंना वाटतं बाळंतिणीला मालिश करणारी बाई, आणि नवरा म्हणतो डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, मग अजून एक माणूस कशाला आणि पैसे किती. माझ्या बाळंतपणात डूला होती, नंतर नणंदेच्या वेळी म्युनिसिपल हॉस्पिटलमध्ये तिच्यासोबत मी स्वतः आत होते, त्यामुळे दोन्ही बाजू बघून झाल्यात, आणि आता ओळखीत कुणाला दिवस गेले की फोन मलाच येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी कोण काय करतं ते बघू

सुईण पूर्वी बाळंतपण करायची, म्हणजे बाळ तिच्या हातात यायचं. शिकलेली मिडवाइफ आजही ते करते, ती तपासते, ठोके ऐकते, काही बिघडतंय वाटलं तर डॉक्टरना बोलावते. डूला यातलं काहीही करत नाही. बीपी घेत नाही, आतून तपासत नाही, औषध देत नाही, बाळाचे ठोके बरे आहेत की नाहीत हे सांगत नाही, आणि तुम्हाला सीझर लागेल की नाही हे ठरवायचा तर तिला काडीचाही अधिकार नाही. तिचं काम एकच, कळा सुरू झाल्यापासून बाळ अंगाला लागेपर्यंत तुमच्याजवळून हलायचं नाही. कंबर दाबायची, पाणी द्यायचं, कुशीवर वळायला मदत करायची, श्वास चुकला की परत लावून द्यायचा, डॉक्टर काही बोलून गेले की ते तुम्हाला नीट समजलंय का बघायचं, आणि नवरा भिंतीला टेकून पांढराफटक पडला असेल तर त्यालाही एखादं काम देऊन उभं करायचं.

आता हे सगळं सिस्टर करत नाहीत का? करतात हो, पण त्यांच्याकडे एकाच वेळी अजून पेशंट असतात, फाइल भरायच्या असतात, मध्येच ड्युटी बदलते, आणि डॉक्टर येऊन-जाऊन असतात, पूर्ण वेळ थांबतात ते शेवटी शेवटी. पहिलटकरणीचं गणित वेगळं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींप्रमाणे पिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यावर कळांचा खरा जोराचा टप्पा सुरू झाला असं धरतात, आणि पहिल्या वेळी तो टप्पा १२ तासांपर्यंत चालणं नॉर्मल आहे. त्याआधीचा बारीक कळांचा वेळ वेगळाच, त्याला काही मोजमाप नाही. एवढ्या तासांत सतत जवळ कोण बसणार, हा डूलाचा सगळा मुद्दा आहे.

आणि हे नुसतं मनाला बरं वाटतं म्हणून नाही बरं का. १९८० मध्ये ग्वाटेमालातल्या एका हॉस्पिटलचा अभ्यास छापून आला होता, तिथे अनोळखी पण प्रेमाने सोबत बसणारी बाई दिली तर बायकांच्या कळांचा वेळ बराच कमी झाला असं दिसलं. पुढे असे खूप अभ्यास झाले आणि २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते एकत्र करून बघितले, १७ देश, १५ हजारांवर बायका. सतत सोबत असेल तर आपोआप होणाऱ्या डिलिव्हरीचं प्रमाण वाढतं, सीझर कमी होतात, कळांचा काळ थोडा घटतो, दुखणं कमी करायची औषधं कमी लागतात आणि नंतर बाळंतपणाबद्दल कडवटपणा राहण्याचं प्रमाणही कमी असतं. यात सीझर कमी होण्याचा फायदा सगळ्यात जास्त कुठे दिसला, तर सोबतीण हॉस्पिटलच्या स्टाफमधली नव्हती आणि घरातलीही नव्हती, म्हणजे डूलासारखी होती, तिथे.

पण यावरून कुणी "डूला ठेवा, नॉर्मलची गॅरंटी" असं सांगत असेल तर त्या बाईपासून लांब राहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या खासगी हॉस्पिटलमधल्या ४७.४ टक्के डिलिव्हरी सीझरने झाल्याचं आलंय, सरकारीत १४.३ टक्के. यातले काही सीझर जीव वाचवणारे असतात आणि काहींबद्दल डॉक्टरांचेच आपापसात वाद आहेत, तो एका डूलाने सुटणारा प्रश्न नाही.

स्टेप १: डिलिव्हरी कुठे होणार ते पक्कं करा

हसू नका, ही खरंच पहिली स्टेप आहे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, मग सातव्यात डोहाळजेवण झालं की मुलगी निघाली चिपळूणला नाहीतर साताऱ्याला, आणि इकडे अंधेरीच्या डूलाला ॲडव्हान्स देऊन ठेवलेला. माहेर डोंबिवलीला असलं तरी विचार करा, कारण दादरची डूला रात्री दोनला डोंबिवलीला येणार का हे तिलाच विचारावं लागेल, त्या वेळी लोकल नसते. त्यामुळे पाचवा महिना लागायच्या आत आई आणि सासूबाई दोघींना समोर बसवून (किंवा कॉन्फरन्स कॉलवर घेऊन) ठरवून टाका. हा संवाद डूलाच्या इंटरव्ह्यूपेक्षा अवघड जातो असा माझा अनुभव आहे.

स्टेप २: डूला शोधायच्या आधी डॉक्टरना विचारा

बहुतेक जणी उलटं करतात. आधी डूला आवडते, पैसे देतात, आणि आठव्या महिन्यात डॉक्टर म्हणतात आमच्या लेबर रूममध्ये एकच अटेंडंट अलाउड आहे. मग नवरा की डूला यावर घरात महाभारत.

मुंबईत तीन-चार प्रकारची ठिकाणं आहेत आणि प्रत्येकाचा नियम निराळा. बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावरचं आपलं नेहमीचं नर्सिंग होम असेल तर मॅडमचा शब्द शेवटचा, त्या हो म्हणाल्या की काम झालं. मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलमध्ये तुमच्या डॉक्टरने हो म्हणून भागत नाही, हॉस्पिटलचा स्वतःचा नियम असतो, काही ठिकाणी बाहेरच्या डूलाला आधी नाव नोंदवावं लागतं, काही ठिकाणी त्यांची स्वतःची माणसं असतात. सरकारी हॉस्पिटलचं पुढे वेगळं लिहिते.

विचारायचं कसं, तर ओपीडीत घाईत उभ्या उभ्या नको. "मॅडम, मला पाच मिनिटं वेगळी हवीत" असं म्हणा आणि हे प्रश्न विचारा: डूला आणि नवरा दोघं आत चालतील का, कळा येताना मला उठून चालता येईल का की बेडवरच राहावं लागेल, पाणी-सरबत चालेल का, बाळ झाल्यावर लगेच अंगावर ठेवाल का, आणि सीझर झालं तर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, कोण येऊ शकतं. शेवटचा प्रश्न सगळे विसरतात.

आणि डॉक्टर हो म्हणाले तर ते ओपीडीच्या पेपरवर लिहून मागा. एक ओळ पुरे, "डूला सोबत असण्यास परवानगी." कारण तुम्ही पोचणार रात्री, तेव्हा मॅडम घरी झोपलेल्या, आणि ड्युटीवरच्या डॉक्टर किंवा सिस्टर म्हणणार आम्हाला काही सांगितलेलं नाही, बाहेर थांबा. माझ्या एका मैत्रिणीची डूला अशीच दीड तास लिफ्टसमोरच्या खुर्चीवर बसून होती, आत ही एकटी. पेपरवर सही असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

डॉक्टरनी नाही म्हटलं तर का नाही ते विचारा. इन्फेक्शनची भीती, जागा छोटी, आधीच्या एखाद्या डूलाने कामात ढवळाढवळ केलेली, अशी खरी कारणं असू शकतात आणि त्यातून कधी कधी मार्ग निघतो. पण डॉक्टर नुसतेच चिडले, "माझ्यावर विश्वास नाही का" या लाइनवर गेले, तर मला विचाराल तर तेव्हाच दुसरा डॉक्टर बघा, पाचव्या-सहाव्या महिन्यात बदलणं सोपं असतं, नवव्यात कुणी घेत नाही.

स्टेप ३: डूला निवडणं

आपल्या देशात डूलासाठी नर्सिंग कौन्सिलसारखं सरकारी रजिस्ट्रेशन नाही, हे पहिलं डोक्यात ठेवा. म्हणजे उद्या मीही स्वतःला डूला म्हणवून घेऊ शकते. काही जणी बाहेरच्या संस्थांचे कोर्स करून सर्टिफिकेट घेतात, डोना इंटरनॅशनल ही त्यातली जुनी संस्था, १९९२ ची. सर्टिफिकेट असलं तर चांगलं, पण त्यावर थांबू नका. ती सोबत असताना अलीकडे बाळंतपण झालेल्या दोघी-तिघींचे नंबर मागा आणि त्यांच्याशी खरंच बोला, आणि त्यातली एक तरी सीझर झालेली असू दे, कारण सगळं मनासारखं झालं तर सगळेच छान वागतात, प्लॅन फिसकटला तेव्हा ही बाई कशी वागली ते तुम्हाला कळायला हवं.

भाषा. यावर फार कुणी बोलत नाही. मुंबईतल्या बऱ्याच डूला सेशन इंग्लिशमधून नाहीतर हिंदीतून घेतात, आणि तुम्ही ऑफिसात दिवसभर इंग्लिश बोलत असाल म्हणून वाटेल की काय फरक पडतो. पडतो. कळ जोरात आली की तोंडातून "आई गं"च निघतं. शिवाय सोबत तुमची आई असणार, तिला "ब्रीद इंटू युवर पेल्विस" सांगून काय उपयोग. मराठी नसली तरी चालेल, पण आई आणि ती यांचं एकमेकींशी बोलणं व्हायला हवं.

भेटीत तिला विचारा की एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून देतात ते औषध, घेतलं तर तुमचं काय मत. उत्तर "तुमची इच्छा, मी सोबत आहे" अशा अर्थाचं असेल तर बरं. चेहऱ्यावर नाराजी आली, नैसर्गिक बाळंतपणावर भाषण सुरू झालं, डॉक्टर लोक कसे पैशासाठी कापतात यावर गाडी गेली, तर चहा संपवा आणि निघा. तसंच कुणी म्हणालं की घरीच करू, मी आहे, डॉक्टर कशाला, तर ते धोक्याचं आहे. डूलाला बाळंतपण करायचं शिक्षणच नसतं, रक्तस्राव झाला तर ती काय करणार.

अजून काय विचाराल: त्याच आठवड्यात दुसरी क्लायंट आहे का, ती आणि मी एकाच रात्री अडकलो तर बॅकअप कोण, आणि त्या बॅकअपवालीला मला आधी भेटता येईल का.

स्टेप ४: पैसे आणि कागद

फी डूलागणिक बदलते, तिचा अनुभव, तुमचं हॉस्पिटल किती लांब, किती भेटी, यावर. मी आकडा लिहीत नाही, दोन-तीन जणींना विचारलंत की अंदाज येतोच. आकड्यापेक्षा त्यात काय काय येतं ते बघा. साधारणपणे आधीच्या दोन-तीन भेटी, ३८ व्या आठवड्यापासून ऑन-कॉल, पूर्ण कळांची सोबत, आणि नंतर घरी एखाद-दुसरी भेट असं असतं. मग खोलात विचारा: कळा चोवीस तास चालल्या तर जास्तीचे पैसे का, आधीच ठरवून सीझर झालं तर किती परत, ३७ व्या आठवड्यातच झालं तर येणार का, ती पोचायच्या आत बाळ झालं तर काय. हे सगळं व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या, लाजू नका, आपण गॅस सिलिंडरची पावती सांभाळून ठेवतो.

मेडिक्लेमचं म्हणाल तर डूलाची फी हॉस्पिटलच्या बिलात नसते, त्यामुळे ती परत मिळेल असं धरून चालू नका. हॉस्पिटलच्या मॅटर्निटी पॅकेजमध्येही ती सहसा नसते. म्हणजे हा पूर्ण वेगळा खर्च आहे, आणि तो जमत नसेल तर खालचा "डूला परवडत नसेल" हा भाग वाचा, काही अडत नाही.

स्टेप ५: आधीच्या भेटी

या भेटी एकट्या करू नका. नवऱ्याला बसवाच आणि शक्यतो आईला किंवा सासूबाईंना, जी कोणी त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाहेर बसणार आहे तिला. बाहेर बसलेलं माणूस दर अर्ध्या तासाला "अजून झालं नाही? सीझर करून टाका म्हणावं" करत असेल तर आत काय चाललंय याला अर्थ राहत नाही.

माझ्या डूलाने शिकवलेली एक गोष्ट मी आता सगळ्यांना शिकवते. बाईला पुढे वाकून टेबलावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर टेकायला लावायचं, आपण मागे उभं राहायचं, दोन्ही तळवे कुल्ल्यांच्या दोन बाजूंना, जिथे मांस भरपूर आहे तिथे पसरून लावायचे, कोपरं बाहेर काढायची, आणि कळ चढायला लागली की दोन्ही हात एकमेकांकडे आणि किंचित वर दाबायचे. नखांनी नाही, अंगठ्याने नाही, पूर्ण तळव्याने आणि अंगाच्या वजनाने. कळ उतरली की हळूच सोडायचं. पाठीतून कळा येत असतील तर माकडहाडाच्या वर एकच तळवा घट्ट दाबून धरायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण तास-दोन तासात हात भरून येतात, म्हणून नवऱ्याने घरी प्रॅक्टिस करावी. माझा नवरा आधी खांदा चोळल्यासारखं करत होता, मी ओरडल्यावर जोर लागला.

दुसरी गोष्ट आवाजाची. कळ येताना आवाज वर गेला, चिरका झाला की अंग आवळतं, मान-जबडा ताठ होतो. डूला तोच आवाज खाली आणायला लावते, जाड "ओऽऽ", मंदिरातल्या ओंकारासारखा. शेजारच्या बेडवाले काय म्हणतील याची काळजी करू नका, तिथे सगळेच ओरडत असतात.

याच भेटीत बर्थ प्लॅन लिहा, म्हणजे बाळंतपणात तुम्हाला काय हवं, काय नको त्याचा कागद. एका पानाच्या आत, मोठ्या अक्षरात. चार पानी प्लॅन कुणी वाचत नाही, उलट सिस्टर एकमेकींना दाखवून हसतात. त्यात लिहायचं म्हणजे: गरज नसेल तर एनिमा आणि शेव्हिंग नको, बाळाला बाहेर यायला जागा व्हावी म्हणून खाली सरसकट छेद नको, नाळ कापायला निदान एक मिनिट थांबा, बाळ पहिल्या तासात अंगावर आणि स्तनपान. या गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींशी जुळतात, म्हणजे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात. आणि शेवटची ओळ अशी लिहा की बाळाला किंवा मला धोका असेल तर डॉक्टरांचा निर्णय मान्य. या एका ओळीने डॉक्टरांचा चेहरा बदलतो, बघाच.

स्टेप ६: ३७ आठवड्यांनंतर

फोन सायलेंटवर नाही, तुमचा नाही आणि डूलाचा नाही. तिला तुमचं घर आणि हॉस्पिटल दोन्हीचं लोकेशन पाठवून ठेवा, हॉस्पिटलचं रात्रीचं गेट कुठलं तेही. पावसाळ्यातली तारीख असेल तर हिंदमाता, अंधेरी सबवे, मिलन सबवे यातलं काही वाटेत येतंय का बघा आणि दुसरा रस्ता ठरवा. रविवारी मेगाब्लॉक असतो हे लक्षात ठेवा, तिचंही आणि तुमच्या आईचंही येणं त्यावर आहे. संध्याकाळी सात वाजता वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर बोरिवलीहून पार्ल्याला जायला किती वेळ लागतो हे मुंबईकराला सांगायला नको, डूलाला मात्र थोडं आधी बोलवा.

आता महत्त्वाचं. काही गोष्टी अशा आहेत ज्यात डूलाला मेसेज करून उत्तराची वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. बाळाची हालचाल कमी वाटणं, रक्त जाणं, पाणी हिरवट किंवा मातकट येणं, जोराचं डोकं दुखून डोळ्यांसमोर चमकणं किंवा अंधारी, ताप, फिट. गाडी नसेल तर १०८. वाटेत डूलाला फोन करा. मी हे जाड अक्षरात लिहिलं असतं जमलं असतं तर, कारण बायका डूलाशी इतक्या मोकळ्या झालेल्या असतात की डॉक्टरना रात्री त्रास कशाला म्हणून तिलाच विचारत बसतात. चांगली डूला स्वतःच म्हणते, मला विचारू नका, निघा.

स्टेप ७: तो दिवस

बारीक कळा घरीच काढणं बहुतेकींना बरं जातं, अर्थात डॉक्टरनी घरी थांबायला हरकत नाही म्हटलं असेल तर. डाळ-भात खा, झोप येत असेल तर झोपा, अंघोळ करा, कमरेवर गरम पाणी घ्या. डूला या वेळी फोनवर असते, कळा जोर धरायला लागल्या की घरी किंवा थेट हॉस्पिटलला येते.

आत गेल्यावर तिचं कौशल्य कशात दिसतं, तर ती डॉक्टरशी तुमच्या वतीने भांडत नाही. समजा कळा मंदावल्यात म्हणून ड्रिप लावू म्हणाले. डूला तुमच्याकडे बघते आणि विचारते, "तुला काही विचारायचंय?" मग तुम्ही (किंवा नवरा) विचारायचं: याने फायदा काय, धोका काय, दुसरं काही करून बघता येईल का, आणि अजून तासभर थांबलं तर चालेल का. बाळाचे ठोके चांगले असतील तर डॉक्टर पुष्कळदा म्हणतात ठीक आहे, तासभर चालून बघा. आणि नाही म्हणाले तर का नाही ते कळतं, आणि कळल्यावर माणूस तो निर्णय स्वतःचा म्हणून घेतो. डूला स्वतः "ड्रिप नको" म्हणाली असती तर पुढच्या वेळी त्या हॉस्पिटलने कुठल्याच डूलाला आत घेतलं नसतं.

नवऱ्याबद्दल एक. डूला आली म्हणजे त्याची सुट्टी झाली असं समजू नका, आणि डूला त्याची जागा घेते असंही समजू नका. माझ्या वेळी तो स्ट्रॉ लावलेली शहाळ्याची बाटली धरून डोक्याशी उभा होता आणि डूला कमरेशी, आणि दर दोन तासांनी ती त्याला बाहेर पाठवायची, जा, वडापाव खाऊन ये. त्याला तेही सुचलं नसतं.

सीझरची वेळ आली तर

डूलाला ओटीत घेतीलच असं नाही, बऱ्याच ठिकाणी नाहीच घेत. पण तोपर्यंत ती जवळ असते, सही करताना काय लिहिलंय ते सावकाश वाचून दाखवते, पाठीत इंजेक्शन देताना कसं वाकून बसायचं ते आधीच सांगून ठेवते. नंतर रिकव्हरीत आल्यावर तिची खरी गरज लागते, कारण हाताला सलाइन, पाय जड, कुशीवर वळता येत नाही आणि बाळाला पाजायचं असतं. त्या वेळी बाळाला बाजूला धरून चीक पाजायला मदत करणारं माणूस मिळणं म्हणजे काय ते ज्यांचं सीझर झालंय त्यांना विचारा. म्हणून सीझर ठरलेलं असलं तरी डूला फुकट जात नाही.

डूला परवडत नसेल किंवा सरकारी हॉस्पिटल असेल तर

केईएम, सायन, नायर, कूपर, कामा अशा ठिकाणी पैसे देऊन ठेवलेल्या डूलाचा प्रश्न सहसा येत नाही. पण एक गोष्ट खूप जणींना माहीतच नसते, केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी हॉस्पिटलच्या लेबर रूममध्ये सोबतीण ठेवायला मान्यता दिलीय, आणि लेबर रूम सुधारण्याच्या २०१७ च्या सरकारी लक्ष्य कार्यक्रमातही ते आहे. त्यात अटी आहेत: सोबतीण बाईच असावी आणि शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली, तिला कुठला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ, पूर्ण वेळ थांबायची तयारी, स्टाफच्या कामात लुडबुड नाही आणि वॉर्डातल्या दुसऱ्या बायकांकडे जायचं नाही. जिथे पडदे-पार्टिशन नीट आहेत तिथे नवऱ्यालाही घेता येतं असं त्यात म्हटलंय. प्रत्यक्षात प्रत्येक वॉर्डाची पद्धत वेगळी, म्हणून नाव नोंदवतानाच आणि नंतर प्रत्येक तपासणीला लेबर वॉर्डच्या सिस्टर-इन-चार्जना विचारत राहा.

नणंदेच्या वेळी मी अशीच गेले होते. शेजारच्या खाटेवरची मुलगी बिचारी पाणी मागत होती, मी उठले तर सिस्टर म्हणाल्या, "ताई, तुमच्या पेशंटजवळ थांबा, तिला मी बघते." तेव्हा राग आला होता, नंतर नियम वाचल्यावर कळलं. तिथे चालायला जागा नव्हती, कळा काढताना बसायचा मोठा बॉल-बिल काही नव्हतं, पण कंबर दाबायला दोन हात होते आणि कळ आली की "चढतेय, चढतेय, आता उतरतेय बघ" एवढंच मी बोलत होते. तेवढ्यानेही ती माझा हात सोडत नव्हती.

तर घरात अशी एक बाई हेरा. आईच पाहिजे असं नाही, किंबहुना आई रडणारी असेल तर नकोच. थंड डोक्याची मावशी, मोठी जाऊ, वहिनी, जिच्यासमोर तुम्हाला ओरडायला आणि उघडं पडायला लाज वाटणार नाही अशी. तिला वर लिहिलेलं कमरेचं आणि आवाजाचं दाखवा, एखाद्या तपासणीला सोबत न्या म्हणजे वॉर्ड बघून होईल. आणि एक ताकीद द्या, आत बसून स्वतःच्या बाळंतपणाच्या भयकथा सांगायच्या नाहीत.

घरी आल्यावर

डिलिव्हरीनंतर मदत करणाऱ्या डूला वेगळ्या असतात, बऱ्याचदा तीच दोन्ही करते. तिच्याकडून मालिश, धुणी, स्वयंपाक अपेक्षित नसतो, त्यासाठी आपल्या मालिशवाल्या मावशी आहेतच. ही येऊन पाजणं बघते, बाळ नीट तोंडात घेतंय का, तुम्ही झोपताय का, खाताय का, आणि कुठे डॉक्टरकडे जायला हवं ते सांगते. वन रूम किचनमध्ये आई, सासूबाई, मालिशवाली आणि डूला चौघी एकदम आल्या की काय होतं ते लिहायला नको, वेळा वेगळ्या ठेवा. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर यावर चांगली डूला काही बोलत नाही, खुशाल खा. पण धुरीचा धूर बाळाजवळ नको, आणि मध-गुटी चाटवायची नाही, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे ती सासूबाईंना प्रेमाने सांगू शकते, सुनेच्या तोंडून ते वेगळं ऐकू येतं.

फीमध्ये एकच भेट असेल तर ती दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये वाया घालवू नका, तिथे सिस्टर असतात. चौथ्या-पाचव्या दिवशी घरी बोलवा, दूध तेव्हा भरून येतं, छाती दगड होते, बाळ रडतं आणि तुम्हीही उगाच रडता. ते रडू आठ-दहा दिवसांत ओसरतं. दोन आठवडे झाले तरी ओसरत नसेल, झोप उडाली असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल तर डॉक्टरना सांगा, नाहीतर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि हा नंबर तुमच्याऐवजी नवऱ्याच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, त्या दिवसांत तुम्ही स्वतःहून लावाल याची खात्री नसते.